घरापासून अर्ध्या तासाच्या आतल्या फोटोजागा कशा शोधायच्या? (पुणे आणि आसपास)

टेकडीवाला

"पुण्याजवळ फोटोसाठी चांगली जागा सांगा" हा प्रश्न दर आठवड्याला येतो आणि उत्तरं ठरलेली असतात: भिगवण, कास, फार तर सिंहगड. भिगवण शंभर किलोमीटर, कास साताऱ्याच्याही पुढे. तिथे वर्षातून एकदा जाणं होतं, आणि एका फेरीत ढग, धुकं, गर्दी सगळं आपल्या मनासारखं जुळून येत नाही. म्हणून हा धागा. अट एकच, घरातून निघून अर्ध्या तासात पोचता आलं पाहिजे.

जागा सुचवताना महिना, वेळ आणि कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला, हे तिन्ही लिहा ही विनंती. नुसत्या नावाचा उपयोग होत नाही.

सुरुवात घरबसल्या करा. गूगल अर्थ संगणकावर उघडा (मोबाईलवर सगळी साधनं मिळत नाहीत). घर मध्यभागी धरून पाच किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. त्यात चार गोष्टी हुडका: पाणी, उंचवटा, जुनी दगडी बांधकामं, आणि पूर्वेला किंवा पश्चिमेला मोकळा असलेला रस्ता वा मैदान. मग जुनी उपग्रहचित्रं दाखवणारं घड्याळाचं बटण दाबा. तोच तलाव ऑक्टोबरात भरलेला, मेमध्ये चिखलाचा आणि मधल्या महिन्यांत जलपर्णीने झाकलेला दिसेल. कधी जायचं हे तिथेच निम्मं ठरतं.

पुढचा भाग दिशेचा. पुण्यात २१ जूनच्या आसपास सूर्य उत्तरेपासून मोजून ६५ अंशांवर उगवतो आणि २९५ वर मावळतो. २२ डिसेंबरच्या आसपास ११५ वर उगवतो, २४५ वर मावळतो. वर्षभराचा सगळा खेळ या ५० अंशांत. गूगल अर्थमधली मोजपट्टी दोन बिंदूंमधलं (तुमची उभं राहायची जागा आणि समोरची वास्तू) अंतर आणि कोन दोन्ही सांगते. तो कोन या पट्ट्यात बसत नसेल तर त्या वास्तूमागे सूर्य कधीच येणार नाही, कितीही वाट बघा.

आणि वेळ. परदेशी लेखांत सूर्योदयानंतरचा अख्खा तास सोनेरी, म्हणजे मऊ पिवळ्या उन्हाचा, धरतात. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, क्षितिजापासून सहा अंशांवर जायला त्याला साधारण २५ ते ३० मिनिटं पुरतात. तेवढीच तुमची वेळ. सूर्योदयाला घरातून निघालात तर पोचेपर्यंत खेळ संपलेला असेल.

---

नवखा_क्लिकर

वाचनखूण साठवली. एक शंका: वेताळ टेकडीवरून सिंहगडाच्या मागे सूर्यास्त कोणत्या महिन्यात मिळेल? टॉवरच्या बाजूने गड छान दिसतो.

---

सावलीचा_हिशेब

कधीच नाही. वेताळ टेकडीपासून सिंहगड जवळजवळ दक्षिणेला आहे, कोन २०० अंशांच्या आसपास येतो. मावळताना सूर्य २४५ च्या डावीकडे जातच नाही. टेकडीवरून गड घ्यायचा तर हिवाळ्यातली सकाळ बघा. सूर्य तुमच्या डाव्या हाताला असतो, गडाच्या डोंगररांगेवर बाजूने ऊन पडतं आणि सोंडा सुट्या सुट्या दिसतात. लेन्स २०० मिमीच्या पुढची हवी, अंतर अठरा-एकोणीस किलोमीटर आहे.

गडामागे सूर्यास्त हवाच असेल तर गड तुमच्या पश्चिमेला किंवा नैऋत्य-पश्चिमेला यायला हवा, म्हणजे कात्रजच्या जुन्या बोगद्याकडे जावं लागेल, आणि तेही डिसेंबर धरून. मात्र मधल्या टेकड्या आड येतात का ते आधी तपासा. गूगल अर्थमध्ये दोन बिंदूंमध्ये रेघ काढून तिचा उंचीचा आलेख मागवता येतो. रेघेच्या मध्ये कुठे तुमच्या नजरेपेक्षा उंच शेंडा असेल तर गड दिसणार नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात, त्यावरच्या समोच्च रेषाही कामाला येतात.

हवेचंही बघा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी शहरावर धुराचा थर बसतो आणि दूरचं धुरकट होतं. टेकड्यांच्या एकामागे एक फिकट होत गेलेल्या कडा हव्या असतील तर तो थर फायद्याचा आहे. लखलखीत गड हवा असेल तर सप्टेंबरच्या शेवटी, जोराचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी.

---

मंडईकर

दिशेचं सगळ्यात सोपं उदाहरण शनिवारवाडा. दिल्ली दरवाजाचं तोंड उत्तरेला आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर्शनी बाजू दिवसभर सावलीत. लोक नेमके तेव्हाच जातात आणि आभाळ पांढरं, दरवाजा काळा असे फोटो घेऊन येतात. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सकाळी सूर्य ईशान्येकडे सरकलेला असतो. भिंतीला घासत ऊन येतं आणि बुरुजांच्या दगडाचा पोत उठून दिसतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर दुपारीसुद्धा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, पण जूनच्या मध्यानंतर ढग. थोडक्यात काय, सहा-सात आठवडे मिळतात.

हिवाळ्यातच जायचं असेल तर पूर्ण दर्शनी भागाचा नाद सोडा. सावलीतला प्रकाश मऊ असतो, दारावरचे अणकुचीदार खिळे, कड्या, लाकूड जवळून घ्या आणि आभाळ चौकटीबाहेर ठेवा.

मंडईबद्दल: महात्मा फुले मंडईची दगडी इमारत १८८६ ची, मधला अष्टकोनी मनोरा सगळ्यांना माहीत आहे. बाहेरून फोटो हजारो आहेत, आतला प्रकाश कमी जण वापरतात. सकाळी ऊन तिरपं असताना उंच खिडक्यांतून ते पट्ट्यांनी आत उतरतं आणि हवेत धूळ असली की पट्टे दिसतात. गाळ्यांवरचे दिवे आणि बाहेरचा दिवस यांची सरमिसळ असते, म्हणून व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं संतुलन) ऑटोवर ठेवू नका. दिव्याखाली टोमॅटो बरोबर दिसतील असा एकदा ठरवून घ्या आणि खिडकीकडचा निळेपणा तसाच राहू द्या. सुरुवातीला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, शटर १/१२५ सेकंद, लेन्सचं छिद्र एफ २.८ किंवा लेन्स जितकी उघडेल तितकी.

बाहेरच्या विक्रेत्यांकडे खरी अडचण ताडपत्रीची. निळ्या ताडपत्रीखाली चेहरा निळा पडतो, आणि अर्ध्या चेहऱ्यावर बाहेरचं ऊन असेल तर नंतर काहीही करून तो सुधारत नाही. एक तर मावशी कडेला येईपर्यंत थांबा, नाही तर फोटो कृष्णधवल करा. आणि आधी विचारा. "मावशी, एक फोटो काढू का?" एवढं पुरतं. पावशेर मिरच्या घेतल्यात तर सोन्याहून पिवळं.

---

खंड्या

पक्ष्यांसाठी नदीकाठचं कवडीपाट. हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या अलीकडे. पूर्व पुण्यातल्यांना अर्ध्या तासात जमतं, कोथरूडवाल्यांनी धाग्याची अट मोडल्याबद्दल मला माफ करावं. ऑक्टोबरअखेर ते मार्च. चक्रवाक, शेकाटे, धोबी, पाणकावळे, खंड्या, वंचक तर बाराही महिने.

सूर्योदयाआधी वीस मिनिटं पोचा. उगवतीकडे तोंड करून उभं राहिलात तर पक्ष्यांच्या काळ्या आकृत्या आणि थंडीत पाण्यावरून उठणारी वाफ मिळते. ती वाफ ऊन चढलं की जाते, म्हणून आधी ते काम उरका. मग उगवतीकडे पाठ करून पक्ष्यांचे रंग घ्या. साडेनऊनंतर पाण्यावरची हवा तापून थरथरते. लांब लेन्सने काढलेला प्रत्येक फोटो मऊ येतो आणि लोक लेन्सला दोष देतात.

बसलेल्या शेकाट्याला १/५०० पुरे. उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० च्या खाली जाऊ नका, खंड्या पाण्यात सूर मारतो त्याला १/३२००. पांढऱ्या पक्ष्यावर ऊन असेल तर एक्स्पोजर २/३ ते १ स्टॉप (१ स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश) कमी करा, नाही तर बगळ्याच्या पिसांचा तपशील उडून जातो.

कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला हवा. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे घाण पाणी येतं, आडवं झालात तर मागचा किनारा धूसर होऊन पार्श्वभूमी स्वच्छ होते. त्यासाठी जाड प्लॅस्टिक न्या, गोणपाट नको. गोणपाट ओलं होतं आणि हे शहराचं सांडपाणी वाहणारं पाणी आहे. फेस, पिशव्या, वास सगळं आहे. हाताला जखम असेल तर पाण्यापासून लांब राहा, घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय साबणाने धुवा.

घरट्यांच्या जागा कृपया इथे लिहू नका. पिंगळ्याच्या ढोलीचा पत्ता एकदा जाहीर झाला की पुढच्या रविवारी तिथे वीस जण फ्लॅश घेऊन उभे असतात. मोबाईलचा फोटो टाकण्याआधी त्यातली ठिकाणाची नोंदही काढून टाका.

---

घाणेरी

खंड्या, +१, विशेषतः ढोलीबद्दल.

माझं म्हणणं, पाच किलोमीटरही जास्त आहेत. झाड हीच जागा धरा. जानेवारीअखेर ते मार्च काटेसावर, पळस, पांगारा. एप्रिल-मे बहावा आणि ताम्हण. मेमध्ये गुलमोहर. काटेसावर फुलली की एकाच झाडावर सूर्यपक्षी, बुलबुल, कोतवाल, साळुंक्या आणि भोरड्यांचे थवे येतात. फुलांत मध सकाळी भरपूर असतो, म्हणून पहिल्या दोन तासांत गर्दी.

चूक होते ती खालून वर फोटो काढण्यात. पांढरं आभाळ, काळी फांदी, पक्ष्याचं पोट. फुललेल्या झाडाशेजारची दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्याची जिन्याची खिडकी शोधा. फूल डोळ्यांच्या पातळीला येतं आणि मागे समोरच्या इमारतीची सावलीतली भिंत आली तर काळी पार्श्वभूमी आपोआप मिळते. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी विचारा. खिडकीतून लांब लेन्स बाहेर काढलेला अनोळखी माणूस कोणालाच आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

किड्यांसाठी माझ्या नावातली घाणेरी, मोकळ्या प्लॉटच्या कुंपणाला वाढते ती. सप्टेंबर ते नोव्हेंबर फुलपाखरं तिच्यावर असतात, नशीब असेल तर राणी पाकोळी, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू. सकाळी आठच्या आधी ती पंख उघडून ऊन खात बसलेली असतात आणि जवळ जाऊ देतात. सावली त्यांच्यावर पडू देऊ नका, लगेच उडतात. शंभर मिमीच्या मॅक्रोला एफ ८ ते ११, १/२५० आणि पंखाला समांतर सेन्सर. समांतर नसेल तर एक पंख स्पष्ट, दुसरा धूसर.

---

नवखा_क्लिकर

माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. वरचे आकडे वाचून जरा धास्तावलोय.

---

मंडईकर

धास्तावू नका. मोबाईल एका कामात मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा सरस आहे: डबकी. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात जुन्या दगडी इमारतीसमोर जा. मोबाईल उलटा धरा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येऊन पाण्यापासून एक-दोन सेंटीमीटरवर राहील. टीचभर डबकंही तळ्याएवढं दिसतं. फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर करू नका, प्रतिबिंबातल्या इमारतीवर बोट ठेवा. एक्स्पोजर थोडं कमी. वारा थांबायची वाट बघा. आणि रस्त्याच्या मधल्या डबक्यापाशी ओणवं व्हायचं नाही, मागून पीएमपीची बस येते.

दुसरं, तांबट आळी. कसबा पेठेत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम (हातोडीचे ठोके मारून घडवणं) चालतं. आत दारातून येणारा प्रकाश तेवढा एकच. कारागिराचं तोंड दाराकडे असेल तेव्हा तुम्ही दाराच्या बाजूच्या भिंतीला टेकून उभे राहा, दारात नको, तुमचीच सावली त्याच्या कामावर पडते. हातोडी पुसट हवी तर १/३० ते १/६०, थांबलेली हवी तर १/५००. मोबाईलच्या प्रो मोडमध्ये हे दोन्ही होतं. तांब्यावर खिडकीचा पांढरा डाग चमकतो, एखादं पाऊल बाजूला सरकलात की जातो. फ्लॅश अजिबात नको, हातोडी चालू असते.

पाताळेश्वर लेण्यातही मोबाईल पुरतो. गोल नंदीमंडप रुंद लेन्सने चांगला येतो, ट्रायपॉडला मात्र पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. आत अंधार असला की खांबाला पाठ टेका, श्वास सोडून थांबा, नाइट मोड लावा.

---

शिवडी_भरती

मुंबईकरांची हजेरी लावतो. शिवडी, ऐरोली, नेरुळच्या फ्लेमिंगोंसाठी घड्याळाआधी भरती बघावी लागते. ओहोटीला पक्षी लांब चिखलात पसरलेले, पूर्ण भरतीला चिखलच नाही. पाणी चढताना ते काठाकडे ढकलले जातात, म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन तास कामाचे.

कोळीवाड्यातला हिशेब अजून चालतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नक्की वेळ तक्त्यात बघा, पण आठवडाभर आधी रविवार ठरवायला हा हिशेब पुरतो.

शिवडीची खाडी पूर्वेला आहे. सकाळी ऊन डोळ्यांवर, दुपारी तीननंतर पाठीशी. त्यामुळे दुपारी बारा-एकच्या भरतीचे दिवस, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे, सोयीचे: पाणी उतरू लागतं तेव्हा ऊनही बरोबर बाजूला आलेलं असतं.

---

टेकडीवाला

तिथीवरून आठवलं. पर्वती टेकडीवरच्या देवळामागे चंद्र हवा असं बरेच जण विचारतात. सावलीचा_हिशेब, लिहिता का?

---

सावलीचा_हिशेब

लिहितो.

चंद्राचा आकार आभाळात अर्धा अंश. याचा सोपा अर्थ असा की तुम्ही वास्तूपासून जितके मीटर लांब, त्याला ११० ने भागा, तेवढ्या उंचीची वास्तू चंद्राएवढी दिसेल. २२०० मीटरवरून २० मीटरचं शिखर आणि चंद्र सारखे. ३०० मीटरवरून घेतलात तर चंद्र शिखरासमोर टिकलीएवढा. म्हणून लांब जा आणि लांब लेन्स वापरा. ४०० मिमीला सेन्सरवर चंद्र साडेतीन मिमीचा येतो, क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरच्या उंचीच्या जवळजवळ पाव.

दिवस: पौर्णिमेपेक्षा बहुतेक वेळा चतुर्दशी बरी, कारण चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो. चंद्रोदय सूर्यास्ताच्या १० ते २५ मिनिटं आधी असेल तो दिवस निवडा. तेव्हा टेकडीवर अजून उजेड असतो आणि चंद्र व देऊळ एकाच एक्स्पोजरमध्ये बसतात. नंतर देऊळ काळं, चंद्र पांढरा गोळा.

सगळे जण फसतात ती जागा पुढे आहे. ॲपमधली चंद्रोदयाची दिशा सपाट क्षितिजाची असते. दोन किलोमीटरवरून पर्वतीचा माथा साधारण सव्वादोन अंश वर दिसतो. चंद्राला तिथवर चढायला दहाएक मिनिटं लागतात आणि तेवढ्यात तो उजवीकडे पाऊण अंश सरकलेला असतो. दोन किलोमीटरवर पाऊण अंश म्हणजे २६-२७ मीटर, म्हणजे चंद्र देवळाला सोडून भलत्याच जागी. म्हणून फोटोपिल्स ॲपमध्ये चंद्र सव्वादोन अंशांवर असेल त्या वेळेची दिशा घ्या आणि त्या रेघेवर उभं राहायची जागा शोधा.

सुरुवात आयएसओ ४००, एफ ८, १/१२५. चंद्र आपल्या व्यासाएवढा सरकायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ घेतो, म्हणून रेघेला आडवं पाच-दहा मीटर सरकायला मोकळी जागा ठेवा. गच्चीवर ती मिळत नाही, रस्त्याच्या कडेला किंवा मैदानात मिळते.

आणखी एक: पौष पौर्णिमेला चंद्र ईशान्येकडून येतो, ज्येष्ठातल्या पौर्णिमेला आग्नेयेकडून. सूर्याच्या बरोबर उलटं. उन्हाळ्यात जुळलेली जागा हिवाळ्यात चालणार नाही.

---

नवखा_क्लिकर

ड्रोनने या टेकड्या घेतल्या तर? २५० ग्रॅमच्या आतला आहे, त्याला परवानगी लागत नाही म्हणतात.

---

खंड्या

अर्धवट ऐकलंय तुम्ही. हलक्या ड्रोनला सवलती आहेत, पण लाल क्षेत्रात तोही केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. पुण्यात लोहगावचा हवाई तळ, खडकवासल्याची एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), खडकी-देहूरोडची लष्करी ठाणी, त्यामुळे शहराचा मोठा भाग कुठल्या ना कुठल्या निर्बंधात येतो. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर नेमका बिंदू टाकून बघा, हिरवं असेल तरच. पक्षी असतील तिथे हिरव्यातही नको.

लष्करी भिंतींकडे कॅमेरा वळवू नका, साध्या मोबाईलचासुद्धा. रेल्वेरुळांवर उभं राहून फोटो काढणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, प्री-वेडिंगवाल्यांनी विशेष नोंद घ्यावी.

---

घाणेरी

पावसाळ्यासाठी एक जोडते. एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते आणि तुमची पंचवीस मिनिटं पुसण्यात जातात. रात्रीच बॅग बिनएसीच्या खोलीत ठेवा. पुसू नका, पाणी कडेने आत जातं. परत आल्यावर कॅमेरा सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात, आर्द्रता ४० ते ५० टक्के. डब्यात वीस रुपयांच्या पुड्या टाकून वर्षभर विसरायचं नाही. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर, निळे होईपर्यंत. कढई स्वयंपाकाची नको.

---

नवखा_क्लिकर

पुढच्या चतुर्दशीला सहकारनगरच्या बाजूने पर्वती बघणार आहे. कोन मोजून इथे टाकतो, जाण्याआधी कोणी तपासून द्याल का?

---

सावलीचा_हिशेब

टाका. पण सहकारनगर पर्वतीच्या दक्षिणेला येतं, तिथून देऊळ उत्तरेकडे दिसेल आणि चंद्र तिकडे कधीच उगवत नाही. पर्वतीच्या पश्चिमेला दोन किलोमीटर जा, सिंहगड रस्ता किंवा नदीपलीकडचा कर्वेनगरचा भाग. उभं राहायची जागा, देवळाचा बिंदू, त्या दिवसाची चंद्रोदयाची वेळ आणि माथ्याचा उंचीकोन, एवढे चार आकडे द्या.